आईच्या डोळ्यातलं तिसरं इंजेक्शन

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. आई ७२ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं चार वर्षांपूर्वी झाली. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. काही महिन्यांपूर्वी तिला उजव्या डोळ्याने दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसू लागली. तांदूळ निवडताना मधला भाग पुसल्यासारखा वाटायचा. मिरजेच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, आणि डोळ्याची अँजिओग्राफी करून ‘वेट एएमडी’, म्हणजे वयामुळे पडद्याच्या मधल्या भागाला होणारा आजार, असं निदान केलं. पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात, महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं डोळ्यात द्यायची, पुढचं मग बघू, असं ते म्हणाले. आफ्लिबरसेप्ट या औषधाची दोन झाली. दुसऱ्यानंतर रात्रभर डोळ्यात तिखट गेल्यासारखी आग झाली आणि सकाळी पांढऱ्या भागावर लालभडक डाग होता. आग दुसऱ्या दिवशी थांबली, डागही आठवड्याभरात गेला. पण आई आता तिसऱ्याला नको म्हणते. चौकट बरीच सरळ दिसते, मग कशाला, असं तिचं म्हणणं. शेजारी म्हणतात, ही इंजेक्शनं एकदा लागली की सुटत नाहीत. पैशांचंही अवघड झालंय. डॉक्टरांनी स्वस्तातला पर्याय सांगितला, पण ते कॅन्सरचं औषध आहे असं कळलं. तारीख उलटून चार दिवस झालेत. काय करावं?

उत्तर : तिसरं इंजेक्शन घ्या, आणि याच आठवड्यात घ्या. चार दिवसांनी काही बिघडलेलं नाही. महिनाभर उशीर झाला तर मात्र बिघडू शकतं.

चौकट सरळ दिसायला लागली म्हणून आईंना आजार गेला असं वाटतं, त्यात नवल नाही. पण आत काय झालंय ते बघा. पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. पडदा आणि तो थर यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो. वयानुसार तो झिजतो, आणि त्याच्या फटीतून मागच्या थरातल्या कच्च्या रक्तवाहिन्या पडद्याखाली घुसतात. त्यांच्या भिंती गळक्या असतात. त्यातून पाणी झिरपतं, कधी रक्त येतं, पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. या वाहिन्यांना वाढायला आणि गळायला लावतो व्हीईजीएफ नावाचा प्रथिनाचा रेणू. इंजेक्शनातलं औषध त्या रेणूला पकडून निकामी करतं. वाढ थांबते, गळती बंद होते, साचलेलं पाणी शोषलं जातं, चौकट सरळ होते. पण वाहिनी तिथेच असते. डोळ्यातलं औषध साधारण आठवड्या-दहा दिवसांत निम्मं होतं, पुढच्या तितक्याच दिवसांत त्याचंही निम्मं. औषध संपत आलं की तो रेणू पुन्हा मोकळा आणि गळती पुन्हा सुरू.

म्हणजे ‘सुटत नाहीत’ हे शेजाऱ्यांचं वाक्य अर्धं खरं आहे. मात्र सवय इंजेक्शनाची लागत नाही, आजारच मुळात टिकून राहणारा आहे. रक्तदाबाच्या गोळीसारखंच हे: गोळीने रक्तदाब ताब्यात आला म्हणून कोणी गोळी बंद करत नाही. न थांबवलेली गळती शेवटी पडद्याखाली वण करून जाते, आणि त्या वणावर कुठलंच इंजेक्शन चालत नाही. या औषधांच्या आधी काय व्हायचं त्याची मोजदाद आहे. २००६ साली अमेरिकेत रॅनिबिझुमॅब या अशाच औषधाला मान्यता मिळाली ती ज्या चाचणीवरून, तिच्यात दर महिन्याला औषध मिळालेल्या शंभरातल्या सुमारे ९५ जणांची नजर वर्षभरात फारशी घसरली नाही. औषध न देता खोटं इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण ६२ होतं. औषध मिळालेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता आल्या. बाकीच्यांची नजर फार वाढली नाही, पण टिकली. आईंना हेच सांगा: हे मुख्यतः आहे ती नजर राखण्याचं औषध आहे. चौकट सरळ झाली हा वरचा फायदा.

आता त्या रात्रीबद्दल. आईंचा नकार खरा तिथूनच आलेला दिसतो.

ती आग इंजेक्शनाची नव्हती. ती बीटाडीनची होती. डोळ्यात सुई घालण्यापूर्वी पापण्यांना १० टक्क्यांचं आणि डोळ्याच्या आत ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन घालतात आणि किमान अर्धा मिनिट थांबतात. पापण्यांच्या कडांवरचे जंतू मारण्याचा यापेक्षा भरवशाचा उपाय नाही. अँटिबायोटिक थेंबांनी जंतुसंसर्ग आणखी कमी होतो असं दिसलेलं नाही. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी दिले जातात, डॉक्टरांनी दिले तर घाला, पण खरं काम बीटाडीनचंच. मात्र ते बुबुळाचा वरचा नाजूक थर कोरडा आणि खरबरीत करतं. बधिर करणाऱ्या थेंबांचा असर आहे तोवर काही कळत नाही. तो उतरला की तिखट गेल्यासारखी आग सुरू होते आणि झोपून उठेपर्यंत टिकते. ज्यांचे डोळे आधीच कोरडे असतात त्यांना जास्त, आणि सत्तरीच्या पुढे बहुतेकांचे असतातच.

यावर करण्यासारखं बरंच आहे. तिसऱ्या वेळी नर्सना आधीच सांगा की मागच्या खेपेला फार आग झाली. सुई काढल्यावर डोळा सलाइनने नीट, भरपूर धुवायला सांगा. हे घाईत अर्धवट होतं, आणि आगीचं मुख्य कारण तेच असतं. घरी आल्यावर कृत्रिम अश्रूंचे थेंब, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले एकेरी कुप्यांमधले, झोपेपर्यंत तासातासाने घाला. रात्री डॉक्टरांना विचारून डोळ्याचं वंगण मलम आणि एक पॅरासिटामॉल. डोळे मिटून पडून राहिल्यानेही निम्मी आग कमी होते. एवढं करूनही तसंच झालं, तर आयोडीनऐवजी क्लोरहेक्सिडीन वापरता येईल का ते डॉक्टरांशी बोला. ‘बीटाडीन लावूच नका’ असं मात्र सांगू नका. मासे खाल्ल्यावर पित्त उठतं म्हणून आयोडीन चालत नाही, हाही गैरसमज आहे. दोन्हींचा संबंध नाही.

लालभडक डाग दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. सुई शिरते तिथे वरच्या पातळ आवरणातली एखादी बारीक केशवाहिनी फुटते आणि थेंबभर रक्त पांढऱ्यावर पसरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे ते जरा जास्त पसरतं. तो डाग दुखत नाही, त्याने नजर कमी होत नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळट होऊन जातो. यासाठी रक्ताची गोळी स्वतःहून बंद करू नका. या इंजेक्शनासाठी ती बंद करावी लागत नाही, आणि ती थांबवल्याने मेंदूला किंवा हृदयाला होणारा धोका डोळ्यावरच्या डागापेक्षा कितीतरी मोठा असतो. उलट, गेल्या तीन महिन्यांत लकवा किंवा हार्ट अटॅक आलेला असेल तर तेवढं मात्र डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

खऱ्या भीतीचं एकच आहे: डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. तो दुर्मीळ आहे, साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एक. पण झाला तर काही तासांत नजर नेऊ शकतो. ओळख अशी: पहिल्या रात्रीची आग उतरते, मग एखादा दिवस बरा जातो, आणि बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दुखणं नव्याने सुरू होऊन वाढत जातं. उजेड सोसवत नाही, डोळा लाल होतो, नजर धूसर होते. बीटाडीनची आग तासागणिक कमी होते, संसर्गाचं दुखणं तासागणिक वाढतं. एवढा फरक आईंना आणि घरातल्या एका माणसाला पाठ असू द्या. असं झालं तर मेडिकलमधून थेंब आणून वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा आणि निघा. त्यावर डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक द्यावी लागते, आणि ती जितकी लवकर तितका डोळा वाचण्याचा संभव जास्त. इंजेक्शनाच्या दिवशीच रात्रीचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

इंजेक्शनानंतर काळे गोल गोळे तरंगताना दिसले तर घाबरू नका. सिरिंजमधून गेलेले ते हवेचे बुडबुडे असतात. हवा डोळ्यात वरच जाते, पण पडद्यावर चित्र उलटं पडत असल्यामुळे माणसाला ती खाली दिसते. एक-दोन दिवसांत विरून जातात. मात्र विजा चमकल्यासारखं दिसणं, काजळी उडाल्यासारखे असंख्य ठिपके किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली दिसली, तर त्याच दिवशी दाखवा. तो पडदा सुटल्याचा इशारा असू शकतो.

आता पैसे. आधी सगळ्यात खर्चिक चूक कोणती ते सांगतो: महागातली दोन-तीन इंजेक्शनं घ्यायची आणि पैसे संपले म्हणून थांबायचं. वर्षभर वेळेवर मिळणारं स्वस्त औषध, मध्येच तुटणाऱ्या महाग औषधापेक्षा डोळ्याला जास्त उपयोगी पडतं. म्हणून डॉक्टरांसमोर ‘सगळ्यात चांगलं कुठलं’ हा प्रश्न ठेवू नका. ‘वर्षाला सात ते नऊ इंजेक्शनं आम्हाला परवडतील असं कुठलं’ असा ठेवा. पहिल्या वर्षी साधारण तेवढी लागतात. पुढच्या वर्षी बहुतेकांना कमी पुरतात.

तुम्हाला सांगितलेलं स्वस्त औषध बेव्हॅसिझुमॅब असणार. कॅन्सरचं हे खरं. २००४ साली आतड्याच्या कॅन्सरसाठी ते बाजारात आलं. पण ते केमोथेरपीच्या अर्थाने विष नाही. तेही त्याच व्हीईजीएफला पकडतं, कारण गाठीलाही वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. कॅन्सरमध्ये साठ किलोच्या माणसाला कमीत कमी ३०० मिलिग्रॅम शिरेतून देतात, डोळ्यात जातं १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे दोनशेव्या भागाहूनही कमी. केस गळणं, उलट्या वगैरेचा इथे प्रश्न नाही. अमेरिकेत सरकारी पैशांतून सुमारे १,२०० रुग्णांवर बेव्हॅसिझुमॅब आणि महागडं रॅनिबिझुमॅब समोरासमोर ठेवून चाचणी झाली. २०११ साली निकाल आला: वर्षअखेर नजरेत फरक नाही. पडदा कोरडा करण्यात रॅनिबिझुमॅब किंचित सरस होतं, एवढंच. २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डोळ्यासाठी बेव्हॅसिझुमॅब आहे.

त्याची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती औषधात नसून कुपीत आहे. डोळ्यासाठी तयार केलेली औषधं एका रुग्णापुरत्या कुपीत येतात. बेव्हॅसिझुमॅबची लहान कुपी १०० मिलिग्रॅमची, ४ मिलिलिटरची असते. एका डोळ्याला लागतं ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. साहजिकच एका कुपीतून अनेकांना देतात, म्हणूनच ते स्वस्त पडतं. ही वाटणी निर्जंतुक हवेच्या कपाटात, एकाच वेळी वेगवेगळ्या सिरिंजमध्ये भरून केली असेल तर उत्तम. तीच कुपी फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर तिच्या रबराला सुया टोचत राहिले, तर एका कुपीतून एकाच दिवशी अनेक डोळे जाऊ शकतात. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये अशा औषधानंतर बऱ्याच रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाला, तेव्हा देशाच्या औषध नियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला होता. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडल्यावर तो मागे घेतला गेला. तेव्हा संकोच न करता विचारा: सिरिंज कुठे भरली जाते, कधी भरली, बॅच नंबर कोणता. चांगल्या ठिकाणी याचा राग येत नाही. बॅच नंबरचं स्टिकर प्रत्येक वेळी फाइलमध्ये चिकटवून घ्या, औषध कुठलंही असो.

दोन्हींच्या मधला एक रस्ताही आहे. रॅनिबिझुमॅबची भारतात बनलेली बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपनीने बनवलेली) औषधं २०१५ पासून मिळतात. एका रुग्णाची एक कुपी, वाटणीची भानगड नाही, आणि किंमत मूळ कंपनीच्या औषधापेक्षा बरीच खाली. तुमच्या परिस्थितीत पहिली चौकशी याचीच करा. आफ्लिबरसेप्टवरून दुसऱ्या औषधावर मध्येच जाता येतं, ‘कोर्स’ मोडत नाही. फक्त काही डोळ्यांत पाणी लवकर परत येतं आणि अंतर कमी ठेवावं लागतं. बदलानंतरचा पहिला ओसीटी त्यासाठीच चुकवायचा नाही. अँजिओग्राफीत पॉलिप, म्हणजे रक्तवाहिन्यांवरचे फुगे, दिसले असतील (भारतात हा प्रकार पुष्कळ आढळतो), तर औषध बदलण्याचं गणित वेगळं होतं. तेवढं नाव घेऊन विचारा.

कुपी तुम्हालाच विकत आणायला सांगितली तर पक्कं बिल घ्या आणि बर्फाच्या पिशवीसकट थर्मासच्या डब्यातून न्या. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. पण बर्फाला थेट चिकटून गोठता कामा नये. गोठलेली कुपी टाकून द्यावी लागते. बसमध्ये मांडीवर धरून, न हलवता.

आरोग्य विमा असेल तर तो बाहेर काढा. विमा नियामकाने २०१९ साली कंपन्यांनी वगळू नयेत अशा आधुनिक उपचारांची यादी काढली होती, आणि डोळ्यातलं इंजेक्शन तिच्यात नावाने होतं. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते, म्हणून पॉलिसीत ‘इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन’ हा शब्द शोधा आणि समोरचा आकडा वाचा. भरती चोवीस तासांची नव्हती म्हणून दावा नाकारला, तर हीच यादी पुढे करा. झालेल्या दोन इंजेक्शनांची बिलंही जपून ठेवा.

तिसऱ्यानंतर काय, हे आत्ताच ठरवून घ्या. डॉक्टर दोनपैकी एक पद्धत सांगतील. एकीत दर महिन्याला ओसीटी, पाणी दिसलं तरच इंजेक्शन. दुसरीत ठरलेल्या तारखेला ओसीटी आणि इंजेक्शन दोन्ही, आणि पडदा कोरडा असेल तर पुढचं अंतर दोन आठवड्यांनी वाढवायचं: चारचे सहा, मग आठ, दहा, बारा. पाणी आलं की दोन आठवडे मागे यायचं. तुमच्यासारख्या लांबून येणाऱ्यांना दुसरी पद्धत सोयीची. खेपा कमी होतात आणि आईंना तारीख आधीच माहीत असते. पहिल्या पद्धतीत लोक एक गोष्ट हमखास चुकवतात. ‘दिसलं तर इंजेक्शन’ याचा अर्थ ‘दिसायला लागलं की जाऊ’ असा घेतात आणि महिन्याची तपासणीच सोडतात. पडद्यावर पाणी आल्याचं ओसीटीला आधी कळतं, आईंना नंतर. पडद्याखालचं थोडंसं, न वाढणारं पाणी काही डॉक्टर चालवून घेतात. पडद्याच्या आतल्या पाण्याला मात्र सूट नसते. ओसीटीचा कागद हातात आला की हे कुठलं पाणी, एवढं विचारून घ्या. दोन इंजेक्शनांत २८ दिवसांपेक्षा कमी अंतर सहसा ठेवत नाहीत. आठवडाभर पुढे-मागे झालं तर चालतं. सणवार, लग्नं त्याप्रमाणे आखा.

डाव्या डोळ्याकडे कोणाचं लक्ष आहे का? एका डोळ्यात हे झालं की दुसऱ्यात होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि एक डोळा दुसऱ्याची चूक झाकतो, म्हणून ते उशिरा कळतं. नातवंडांच्या गणिताची चौकटींची वही घ्या. एका पानावर मधोमध ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून, वही हातभर नव्हे तर वीतभराहून थोडी जास्त, म्हणजे ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा तळहाताने झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकल्या, तुटल्या किंवा एखादी चौकट गायब झाली तर त्याच आठवड्यात दाखवायचं. रोज सकाळी, दोन्ही डोळ्यांनी, आळीपाळीने. अर्धं मिनिट लागतं. डाव्या डोळ्यासाठी ल्युटीन, झियाझँथिन, जस्त आणि जीवनसत्त्वं असलेली गोळी लिहून दिली असेल तर ती घ्या. मोठ्या अभ्यासात अशा प्रकारच्या गोळीने आजार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत साधारण चौथ्या हिश्श्याने कमी झाला. उजव्या डोळ्यातली गळती मात्र गोळीने थांबत नाही. मध, गुलाबपाणी, तुपाचे थेंब यांनी तर नाहीच, आणि ताज्या सुईच्या जागी ते घालणं धोक्याचं आहे. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर आईंच्या खोलीबाहेर.

आता उद्याचं. सकाळी डॉक्टरांकडे फोन करून याच आठवड्यातली वेळ मागा आणि बायोसिमिलरची किंमत तिथेच विचारा. पापणीला रांजणवाडी असेल, डोळा आला असेल किंवा कोपऱ्यातून पू येत असेल तर तेही फोनवरच सांगा. तसं असेल तर आधी ते बरं करून मगच सुई. त्या दिवशी आईंना जेवून न्या. उपास लागत नाही, सकाळच्या गोळ्या नेहमीसारख्या. काजळ, पावडर, केसांना तेल नको. नाहणं आदल्या दिवशी उरकून घ्या, कारण नंतर दोन-तीन दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि डोळा चोळायचा नाही. आत गेल्यावर डॉक्टर बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात सुई घालतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नसेल तर अर्धा मिलिमीटर आणखी मागे. समोरून सुई येताना दिसत नाही, कारण नजर दुसरीकडे वळवायला सांगतात. सुईचं काम काही सेकंदांचं. तेवढ्या वेळात आईंनी बोलायचं नाही, तोंडातले जंतू उडू नयेत म्हणून. सुई निघाली की डॉक्टर बोटं मोजायला सांगतील. आईंनी आकडा सांगितला की तुम्ही नर्सना सलाइनची आठवण करा.